उन्हाची सवय

लायब्ररीची पुस्तकं परत करून आज लवकरच घरी आले, दार उघडलं, तर जिन्याच्या टोकाला छतातल्या, माळ्यावर जायच्या चौकोनातून दोन पाय खाली आलेले. बुटांवर निळ्या प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवलेल्या, ऑपरेशन थिएटरात घालतात तसल्या. राजीवनं दोन्ही हातांनी शिडी धरलेली, मान वर, तोंड अर्धवट उघडं. मला पाहून तो दचकला आणि मग हसला. त्या हसण्यावरूनच मला कळलं की हे आज अचानक ठरलेलं नाही. गुरुवारी अकरा ते साडेबारा मी लायब्ररीत असते हे पाहून बेत आखलेला आहे. चाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसानं माझ्यापासून लपवून काय केलं असेल तर गोड खाल्लं, आणि तेही त्याला कधी नीट जमलं नाही. मी तोंड उघडणार एवढ्यात वरून त्या पायांच्या मालकाचा मोकळाढाकळा इंग्रजी आवाज आला, "आणि ह्या मागच्या खोलीत कोण झोपतं?" राजीवनं माझ्याकडे पाहायचं टाळलं. "नोबडी," तो म्हणाला.

मी पिशवी जिन्यातच ठेवली. बोलला ते खोटं नव्हतं. चार वर्षांत त्या खोलीत कोणी झोपलेलं नाही. मी तिथे इस्त्री करायला जाते, खिडकीच्या काचा पुसते, पलंगावरची चादर महिन्यातून एकदा काढून धुते आणि तीच पुन्हा घालते. पण माझी आई त्या खोलीत आठ वर्षं झोपली, आणि त्या प्रश्नाला इतकं झटकन, इतकं तुकडा पाडल्यासारखं उत्तर द्यायचं राजीवला काही कारण नव्हतं. माझी कानशिलं तापली. माणूस खाली उतरला. तिशीतला, गोरा, केसांत काचेच्या लोकरीचे पिवळे तंतू अडकलेले. त्यानं राजीवला एक चकचकीत कागद दाखवला, दोन्ही बाजूंनी चांदीसारखा, मधे जाळी. हा म्हणे छताच्या वाशांना आतून ठोकायचा. कौलं तापली की त्यांची धग खाली येते, ती हा कागद आल्या वाटेनं परत पाठवतो. मग पिस्तुलासारखं थर्मामीटर काढून त्यानं मागच्या खोलीच्या छतावर नेम धरला आणि भर उन्हाळ्यात इथे आठ अंशांचा फरक पडेल असं छातीठोक सांगितलं. कशाचा फरक, कुठे मोजलेला, असं मी विचारलं. तेव्हा त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे पाहिलं. "ओह, हॅलो लव्ह," म्हणाला, इथे कुठल्याही बाईला म्हणतात तसं. आणि खोली गार का हवी हे मलाच समजत नसावं अशा थाटात हसून पुढे म्हणाला, "अर्थात तुम्हा लोकांना उन्हाची सवयच असेल, नाही?"

त्याला मी दार दाखवलं. शब्दशः, दार उघडून धरलं आणि तो बाहेर पडेपर्यंत धरूनच उभी राहिले. राजीव मागून त्याला "आम्ही कळवतो, आम्ही कळवतो," म्हणत गेला. राग त्या पोराचा नव्हता. तो बिचारा काय, वर्षभर दुसऱ्यांच्या माळ्यांवर रांगून रांगून त्याचे गुडघे जायचेत. राग ह्याचा होता की ते वाक्य माझं होतं. अक्षरन् अक्षर माझं. चौऱ्याऐंशी साली ह्या देशात आले तेव्हापासून मी ते उगाळत आलेय. जूनमध्ये सव्वीस अंश झाले की वॉर्डातल्या नर्सेस फाइलींनी वारा घ्यायच्या, आणि मी, केअर ऑफ द एल्डर्लीची, म्हणजे म्हाताऱ्यांच्या विभागाची, नवीकोरी रजिस्ट्रार, मनगटापर्यंत बाह्यांचा कार्डिगन घालून म्हणायचे, "हा कसला उन्हाळा? आय अॅम फ्रॉम अकोला." अकोला कुठे हे एकीलाही माहीत नसायचं, पण मी ते असं म्हणायचे की त्यांना वाटावं, एखाद्या भट्टीचं नाव असेल. पंचेचाळीस, सत्तेचाळीस, एकदा तर अठ्ठेचाळीस. दर वेळी एक अंश वाढायचा. ह्या देशात माझ्याजवळ त्यांच्यापेक्षा जास्त असं दुसरं काही नव्हतं. उच्चार त्यांचे, हॉस्पिटल त्यांचं, पुढची पायरी चढू द्यायची की नाही हे ठरवणारेही तेच. ऊन तेवढं माझं होतं. ते मी मिरवलं.

"कोणाला विचारून बोलावलंस?" स्वयंपाकघरात मी राजीवला विचारलं. तो चहाचं आधण ठेवत होता. रेल्वेच्या सिग्नलांमध्ये आयुष्य घालवलेला माणूस, भांडण येताना दिसलं की आधी काहीतरी गॅसवर ठेवतो.

"अगं, तनया येणार आहे ना जुलैत. बाळ असणार. म्हटलं, बघून तरी घेऊ."

तनया आमची मुलगी. रीडिंग गावात असते, एका बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये. तिचा नवरा कबीर सहा आठवडे कामासाठी सिंगापूरला जाणार म्हणून ती आणि तेव्हा चार महिन्यांची होणारी अन्वी जुलैपासून आमच्याकडे वॉटफर्डला यायच्या होत्या, आणि मागची खोली त्यांना द्यायची असं ठरलेलं होतं. ठरलेलं म्हणजे कोणी बोललेलं नव्हतं. तीन बेडरूमचं घर. एक आमची, एक राजीवच्या खोक्यांची, उरली ती त्यांची.

"बघितलंस ना? मग आता ऐक," मी म्हटलं. आणि मी सुरू झाले. आपल्या माळ्यावर फूटभर जाड काचेची लोकर आधीच अंथरलेली आहे. ती असताना ह्या कागदानं खालच्या खोलीत फार तर अर्ध्या-एक अंशाचा फरक पडेल. हे प्रयोग सगळे कुठले, तर जिथे बारा महिने ऊन आणि माळ्यातून एअरकंडिशनरचे पाइप जातात अशा देशांतले. इथे उलट हिवाळ्यात कागदाखाली ओल धरेल, वासे कुजतील. मागची खोली तापते ती पश्चिमेच्या मोठ्या काचेमुळे. काचेला बाहेरून पडदा लाव, रात्री खिडकी उघडी ठेव, संपलं. हे मी फोनवर वाचून दाखवलं, तक्त्यांसकट. मी बरोबर होते. आजही सांगते, मी शंभर टक्के बरोबर होते, आणि बरोबर असताना माझा आवाज जसा चढतो तसा चुकीची असताना कधी चढत नाही, असं राजीवच म्हणतो. त्यानं सगळं ऐकून घेतलं, चहा गाळला, कप माझ्यापुढे सरकवला.

"असू दे गं," तो म्हणाला. "लावून टाकू."

लावून टाकू! पुराव्याला उत्तर नाही, मुद्द्याला मुद्दा नाही, नुसतं लावून टाकू. पुण्याची माणसं वाद घालतात असं म्हणतात, माझ्याच वाट्याला हा कसा आला कोण जाणे. मी विचारलं, "तुला एवढं का पडलंय?" तो कपात बघत राहिला. "मागे एकदा झालं ना," एवढंच म्हणाला. चार वर्षांत पहिल्यांदा त्यानं तो विषय काढला. मी कप तसाच ठेवून उठले. "आईचं हार्ट गेलं," मी म्हटलं. "सर्टिफिकेटवर लिहिलंय. अठ्ठ्याऐंशीची होती. वाचता येतं ना तुला?" आणि वर निघून आले.

मागच्या खोलीत दुपारचं ऊन नुकतं शिरत होतं. मेचा महिना, बाहेर बावीस अंश, आत मऊ, उबदार, पिकल्या फळासारखा वास. आई इथे खुर्ची टाकून बसायची आणि सकाळी नऊ वाजले की खिडक्या, पडदे, दार, सगळं बंद करायची. अकोल्याला जठारपेठेत आम्ही असंच करायचो. चैत्र संपला की नवाच्या आत घर मिटायचं, वाळ्याचे पडदे सोडायचे, त्यांच्यावर तांब्यानं पाणी मारायचं, आणि दिवसभर आम्ही भावंडं त्या ओल्या, हिरव्या अंधारात थंड फरशीवर पालथी पडून राहायचो. पन्हं, खिशात कांदा, डोक्याला पंचा. बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नसायचं. आई घराची दारं अशी राखायची की एक उन्हाची तिरीप आत आली तरी ओरडायची. पण संध्याकाळी सगळं उघडायचं. अंगणात सडा, मातीचा तो वास, आणि रात्री कोणीच घरात झोपायचं नाही. गाद्या, उशा, पाण्याचा माठ, रेडिओ, सगळं गच्चीवर. घर दिवसभराची धग रात्री एकटं ओकत बसायचं, आम्ही वर चांदण्यात. आईनं ह्यातलं अर्धंच इथे आणलं. दिवसा बंद करायचं तेवढं. रात्री खिडकी उघडायला ती धजायची नाही, परका मुलूख, तळमजल्याचं छप्पर खिडकीखालीच, कोणी चढून आलं तर? आणि वॉटफर्डच्या घराला गच्ची कुठली. ही चूक आमच्यासारख्यांनीच करावी. इथल्या माणसाला दिवसा बंद करायचं सुचत नाही, तिथल्याला रात्री बंद घरात झोपायचं. हे मला कळत होतं का? कळत होतं. तीस वर्षं म्हाताऱ्या माणसांची डॉक्टर होते मी.

दोन हजार बावीसचा जुलै, अठरा आणि एकोणीस तारीख. टीव्हीवर नकाशा लाल झालेला, रेल्वेचे रूळ वाकले, लोकांना घराबाहेर पडू नका म्हणून सांगत होते. मला रिटायर होऊन चार महिने झालेले. माझा भाऊ यतीन अकोल्याहून व्हिडिओवर, खोखो हसत, "चाळीस? चाळीसला तर आमच्याकडे लग्नं लागतात, बाप्पा!" आणि मी त्याच्याहून मोठ्यानं हसले होते. शेजारची रेखा तिच्या सासूला घेऊन सुपरमार्केटच्या गारव्यात जाऊन बसली, तर मी तिची टिंगल केली. एरवी जो उन्हाळा मी नुसता सांगत आले होते तो दाराशी आल्यावर मला आनंद झाला होता, खरं सांगते, आनंद. दाखवा म्हटलं आता, कोण किती पाण्यात आहे ते. सोमवारी दुपारी आई पलंगावर पडलेली. पडदे ओढलेले, अंगावर नेहमीची नऊवारी, पायांवर शाल, कारण शालीशिवाय ती राहायचीच नाही. पाण्याचा पेला भरलेला तसाच. प्यायलं की उठावं लागतं, उठलं की जिना उतरून खालच्या बाथरूमपर्यंत कोणाला तरी धरून न्यावं लागतं, म्हणून ती पाणी चोरायची. मला पाहून म्हणाली, "सुलू, अंग भाजून राह्यलं वं माझं." आणि मी म्हटलं, "अगं आई, तू अकोल्याची ना?" ती हसली. तिला ते आवडलं. माझ्याइतकाच तिलाही त्याचा अभिमान होता. मंगळवारी संध्याकाळी ती असंबद्ध बोलू लागली, आम्ही अँब्युलन्स बोलावली, बुधवारी पहाटे ती गेली.

खिडकीपाशी उभं राहून मला हे सगळं आठवलं असं नाही. हे रोजचंच आहे. मला राग आला होता आणि रागात माणसाला काहीतरी करावं लागतं. मी ठरवलं, आकडा आणायचा. राजीवचं जुनं थर्मामीटर खोक्यांतून उपसलं, शिडीवर चढले, चौकोनाची झडप सरकवली. "सुलक्षणा, अगं पडशील!" म्हणत राजीव धावत आला आणि पुन्हा शिडी धरून उभा राहिला. "धरून ठेव," मी म्हटलं. "तुझ्या आठ अंशांचं पितळ उघडं पाडते." सहासष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर रांगत मी आत शिरले आणि मधल्या फळीवर बसले. वर कौलांच्या फटीतून उजेडाचे बारीक दाणे. आणि ऊब. कोरडी, घट्ट, लाकडाच्या वासाची ऊब, चेहऱ्यावर, मानेवर, पोलक्याच्या आत. थर्मामीटर छत्तीसवर गेलं. खालच्या खोलीत चोवीस. म्हणजे लोकर तिचं काम चोख करत होती, मुद्दा सिद्ध झाला. पण मी तिथेच बसून राहिले, कारण मला बरं वाटत होतं. चाळीस वर्षांत हाडं अशी सैल झाली नव्हती. मला घरी आल्यासारखं वाटत होतं, आणि ते कळलं तशी मी स्वतःवरच इतकी चिडले की खिशातून फोन काढला आणि तनयाला लावला. म्हटलं, बापाला समजावायला मुलगीच हवी.

"हाय आई. अन्वी आत्ता झोपली आहे, हळू बोल."

मी हळू बोलले नाही. राजीवनं परस्पर माणूस बोलावला, खुळचट चांदीचा कागद, अर्धा अंश, ओल, वासे, सगळं सांगितलं. "तू बाबांना सांग. तुझं ऐकतात. म्हणावं, हे नुसतं सोंग आहे. बाळ बाळ म्हणून काहीही खपवतात लोक."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"आई," ती म्हणाली, "ते बाबानी नाही ठरवला. मी सांगितलं होतं त्यांना. मी म्हटलं, रूम ठीक केल्याशिवाय मी अन्वीला नाही आणणार."

खाली शिडी करकरली. राजीवला माझं सगळं ऐकू येत होतं. मला वरून त्याचं टक्कल आणि शिडी धरलेली बोटं तेवढी दिसत होती. तर म्हणजे दोघं मिळून. माझ्यामागे, माझ्या घरात, माझ्याबद्दल.

"ठीक म्हणजे?" मी विचारलं. "मी इथे असताना? तनू, मी डॉक्टर आहे. सहा आठवडे मी बाळाला एका तापलेल्या खोलीत ठेवीन असं वाटतं तुला?"

"आजीला ठेवलं ना."

"आजीचं हार्ट—"

"आई, प्लीज. त्या मंडेला मी कॉल केला होता. तुझ्या फोनवर. स्पीकर चालू होता. आजीची आवाज ऐकली मी, ती म्हणाली अंग भाजते. आणि तू हसली. आय हर्ड यू लाफ." तिचा आवाज अगदी सपाट होता, ऑफिसच्या मीटिंगमध्ये असेल तसा. "मी फोर इयर्स वाट बघितली तू काहीतरी बोलशील म्हणून. फॉइलबद्दल मी पण वाचलंय. मला माहिती आहे ते काही करत नाही. मला फक्त बघायचा होता, तू हो म्हणते का. तू हो म्हणाली असती तर मला कळलं असतं की तुला कळलंय. तेवढंच."

रागाचेही प्रकार असतात. एक राग माणसाला आंधळा करतो, तो मला येत नाही. मला येतो तो दुसरा, त्यात सगळं लख्ख दिसायला लागतं. ह्या पोरीनं चार वर्षं मनात माझ्यावर खटला चालवला होता, साक्षीदार तीच, न्यायाधीश तीच, आणि आरोप काय, तर हसण्याचा. हसण्याचा! वॉर्डात ज्युनिअर डॉक्टर चुकीचं निदान घेऊन यायचा तेव्हा मी पेशंटच्या पायाशी उभी राहून त्याची चामडी लोळवायचे. तशीच माझी जीभ सुटली.

"हसण्यानं कोणी मरत नाही!" मी ओरडले. "खोलीनंही मेली नाही ती. चुकलंय तुमचं, दोघांचंही. सकाळच्या गोळ्यांत तिची एक पाण्याची गोळी होती. पायांची सूज उतरावी म्हणून द्यायची, अंगातलं पाणी लघवीवाटे काढते. उकाडा वाढला की म्हाताऱ्या माणसाची ती गोळी थांबवायची. का, ते एक पानभर मी लिहिलं होतं, मी, आजूबाजूच्या प्रत्येक नर्सिंग होमच्या भिंतीवर ते पान लावलेलं होतं. रविवारी रात्री आठवड्याच्या गोळ्यांचा डबा मीच भरला. सोमवारी सकाळी झाकण उघडलं आणि ती पांढरी गोळी मला दिसली. दिसली, तनू. मी ती बोटात धरली. मनात आलं, ही आज नको. आणि मग म्हटलं, छे, ही काय इथली म्हातारी आहे थोडीच, अकोल्याची आहे. दिली. मंगळवारी पुन्हा दिली. ती पाणी पीत नव्हती आणि मी होतं तेही काढून घेत होते. कळलं? तुझा तो कागद चांदीचा नाही, सोन्याचा असता तरी काय करणार होता?"

ओरडून झाल्यावर तापलेल्या कौलांचा कट् कट् आवाज ऐकू आला. ह्या गोष्टी मी कोणाला सांगितल्या नव्हत्या. हॉस्पिटलमध्ये गोळ्यांची यादी विचारली तेव्हा मी यादी खरी दिली होती, सगळी नावं, सगळे डोस. कोणी पुढे काही विचारलं नाही, कारण त्या रात्री त्यांच्याकडे तसल्या चाळीस म्हाताऱ्या होत्या, आणि मी त्यांच्यातलीच होते, मी डॉक्टर होते. कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं असं मी स्वतःला बरेच दिवस म्हणत आले. खाली पाहिलं. शिडीवरची बोटं दिसेनाशी झाली होती. राजीव जिन्याच्या वरच्या पायरीवर बसला होता, दोन्ही तळहात गुडघ्यांवर, आणि त्याचा राग मला इथे वरही जाणवत होता. त्याला राग येतो हे मी विसरूनच गेले होते.

"म्हणजे तुला माहीत होतं," तनया म्हणाली. प्रश्न नव्हता.

"हो."

"आणि तू फोर इयर्स आम्हाला हार्ट, हार्ट, हार्ट..."

"हो."

मागे अन्वी जागी झाली. आधी कुरकुर, मग रडणं. तनयानं फोन कुठेतरी ठेवला, तिचे 'ओ ओ ओ' ऐकू येत राहिले, ती तिला उचलून फिरवत असावी. मी वाट पाहत होते. ती फोन बंद करेल असं मला वाटलं होतं, आणि केला असता तर मी काय केलं असतं मला माहीत नाही. पाच मिनिटांनी ती परत आली. रडली होती, नाक चोंदलं होतं, आणि आता मीटिंगचा आवाज गेला होता.

"फॉइल नको," ती म्हणाली.

"नको," मी म्हटलं. "तुम्ही दोघी आमच्या खोलीत झोपा. मागे मी झोपते."

"आई, ड्रामा नको करू. तू त्या रूममध्ये भाजून आजी परत नाही येणार." नाक शिंकरल्याचा आवाज. "आम्ही येऊ. कबीर नाही आहे, मला हेल्प पाहिजे, मी येणार. पण ऐक. अन्वीला काही द्यायचं, काहीही, तर आधी मला विचारायचा. एव्हरी टाइम. मी झोपले असले तरी उठवायचा. तू डॉक्टर आहे, तुला माहिती आहे, ते सगळं मला ऐकायचं नाही."

"तापाचं औषध—"

"विचारायचा."

"तनू, तेव्हा चार महिन्यांचं बाळ असणार ते, मी तिला असं काय देणार आहे? पाणीसुद्धा देत नाहीत ह्या वयात."

"पाणीसुद्धा विचारायचा," ती म्हणाली.

बावीस वर्षं मी कन्सल्टंट होते. माझ्या सहीशिवाय चोवीस खाटांच्या वॉर्डात कोणाची गोळी बदलत नव्हती. मला इतका राग आला की बसल्याजागी फळीची कड मी मुठीत आवळली आणि तळहातात कुसळ घुसलं. घाम डोळ्यांत उतरत होता. अन्वीचा श्वास फोनमध्ये ऐकू येत होता.

"बरं," मी म्हटलं. "विचारीन."